जागा बदलणारा बिघाड

"मॅडम, स्क्रीन तर एकदम क्लिअर आहे," महाले म्हणाला.

"मला स्क्रीन दिसत नाही," मी म्हणाले.

"तसं नाही, म्हणजे मशीन ओके आहे म्हणतो मी. विंडोज चालू झालंय, सगळे आयकॉन आलेत, माऊस फिरतोय."

"महाले, मी जन्मापासून आंधळी आहे. माऊस फिरतोय याचं मी काय करू? कॉम्प्युटर बोलत का नाही ते सांगा."

माझ्या खुर्चीमागे बशीवर कप टेकल्याचा आवाज झाला. आमचे मॅनेजर खैरनारसाहेब चहा घेऊन तिथे उभे होते. "अहो दुसाने मॅडम, दिसतंय ना सगळं व्यवस्थित," ते समजुतीच्या सुरात म्हणाले. "चिडताय कशाला?"

"तुम्हाला दिसतंय, साहेब."

ही गोष्ट बरीच जुनी आहे. तेव्हा मी चाळीसगावला एका बँकेच्या शाखेत क्लार्क होते. परीक्षा देऊन, रीतसर निवड होऊन लागलेली. पण पहिल्या दिवशी खैरनारसाहेबांनी मला खिडकीजवळच्या टेबलाशी नेऊन बसवलं आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही निवांत बसा. कोणी काही म्हणणार नाही." त्यांना वाटलं, आपण फार मोठं मन दाखवलं. त्यानंतर मी निवांतच बसले होते. फोन वाजला की उचलायचा आणि "साहेबांना देते" म्हणायचं, एवढंच काम. पेन्शनच्या चौकशीचा एखादा फोन आलाच तर शेजारच्या टेबलावरच्या रजनीताई येवले स्क्रीनवरचं वाचून दाखवायच्या आणि मी ते फोनवर सांगायचे. म्हणजे एका कामाला दोन माणसं.

माझा प्रोबेशनचा काळ एकदा वाढवून झाला होता. 'काम समाधानकारक' असं लिहायला काम तरी कुठे होतं? शेवटी मी विभागीय कार्यालयाला इतके अर्ज केले, की त्यांनी कंटाळून मला बोलणारं सॉफ्टवेअर मंजूर केलं. स्क्रीनवर जे असेल ते हे सॉफ्टवेअर वाचून हेडफोनमधून ऐकवतं. उच्चार इंग्रजी असल्यामुळे 'दत्तात्रय'चं 'डॅटॅट्रे' व्हायचं, 'गोरख'चं 'गोऱ्याक', पण शिल्लक किती, हप्ता जमा झाला का, दाखला कधी दिला, सगळं स्वच्छ सांगायचं. पहिल्याच दिवशी मी पेन्शनचे सगळे फोन एकटीने घेतले. संध्याकाळी घसा बसला होता आणि मी रिक्षात एकटीच हसत होते.

आणि आठवड्याभरात ते मुकं झालं. दहा-बारा दिवसांनी विभागीय कार्यालयातल्या नाफडे मॅडम माझं काम पाहून कायम करायचं की नाही ते ठरवायला येणार होत्या.

महाले जळगावहून आला होता. मशीन दुरुस्तीचा ठेका त्याच्या कंपनीकडे होता. तो टेबलाखाली शिरला, खाटखूट झाली, आणि एकदम माझ्या कानात कॉम्प्युटर बोलू लागला.

"मागची पिन निघाली होती," महाले बाहेर येत म्हणाला. "हेडफोनची. साधा हार्डवेअरचा प्रॉब्लेम, मॅडम. आता मी पिनवर चिकटपट्टी लावून टाकलीय. काही झालं तरी निघणार नाही."

"बघा, किती साधं होतं," खैरनारसाहेब म्हणाले.

रजनीताईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "जीव घाबरा करून घेते ही पोर," त्या म्हणाल्या. "चल, भरीत आणलंय. आधी चार घास खा."

रजनीताईंबद्दल सांगायला हवं. त्या पन्नाशीच्या होत्या. मी आले त्या दिवसापासून त्यांनी मला आपलं मानलं होतं. मला हाताला धरून बाथरूमपर्यंत न्यायच्या, डबा उघडून द्यायच्या, रिक्षावाल्याला "नीट ने रे हिला" म्हणून दम द्यायच्या. त्यांच्या यजमानांना लकवा झाला होता. सकाळी त्यांचं सगळं उरकून त्या बँकेत यायच्या आणि जेवणाच्या सुट्टीत पळत जाऊन त्यांना भरवून यायच्या. इतकं असूनही माझ्यासाठी वेगळी भाजी आणायच्या. कधी कधी मला त्या हाताचा वैताग यायचा. पण तो हात झटकून टाकावा असं कधी वाटलं नाही.

दोन दिवस कॉम्प्युटर बोलला. तिसऱ्या दिवशी सकाळी मी बटण दाबलं. सुरू होताना विंडोजची धून वाजते ती वाजली. मग शांतता. मी वाट पाहिली. कळा दाबून पाहिल्या. काही नाही.

मी महालेला फोन लावला. "धून वाजली ना, मॅडम? मग हार्डवेअर ओके आहे. हा सॉफ्टवेअरचा इश्यू आहे, तो आमच्याकडे येत नाही. सॉफ्टवेअरवाल्यांना विचारा."

सॉफ्टवेअरवाल्यांच्या मदतीच्या नंबरावर लॉरेन्स डाबरे नावाचा माणूस असायचा. वसईचा, अस्सल मराठी बोलणारा. स्वतः आंधळा. त्यामुळे स्क्रीन क्लिअर आहे का, असं निदान तो तरी विचारायचा नाही.

"धून वाजली म्हणजे तार, पिन, हेडफोन सगळं ठीक," तो म्हणाला. "बोलायला तोंड आहे, पण बोलणारा जागा झाला नाही. शेजारी कोणी डोळस आहे का? त्यांना फोन द्या."

मी रजनीताईंना फोन दिला. तो सांगेल ते त्या वाचून दाखवत होत्या. बऱ्याच वेळाने लॉरेन्सला कारण सापडलं. कॉम्प्युटर सुरू झाला की हे सॉफ्टवेअर आपोआप सुरू व्हावं, अशी एक खूण करून ठेवलेली असते. ती खूण निघाली होती.

"आपोआप निघते का ती?" मी विचारलं.

"कधी कधी निघते. दुसऱ्या एखाद्या प्रोग्रामने काढली असेल. आता तिथे पासवर्ड घालू. तो तुम्हीच टाईप करा, कोणाला सांगू नका. मग सॉफ्टवेअरला कोणी हात लावू शकणार नाही."

हे मी फोन ठेवल्यावर रजनीताईंना आणि खैरनारसाहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, "चला, सुटलो." त्यांना त्या कॉम्प्युटरची माझ्याहून जास्त कटकट झाली होती, कारण प्रत्येक वेळी जळगावला कोणी फोन करायचा यावर त्यांचा अर्धा तास जायचा.

दुसऱ्या दिवशी धूनही वाजली नाही.

मी कपाळावर हात मारून घेतला. लॉरेन्स म्हणाला, "धून नाही? मग सॉफ्टवेअर नाही. हार्डवेअरवाल्याला बोलवा." महाले म्हणाला, "मॅडम, मी स्वतः पिन पक्की केलीय, तुम्ही सॉफ्टवेअरवाल्यांनाच धरा." मी फोनवर ओरडले. मग तो दुपारी आला, टेबलाखाली गेला आणि तिथूनच ओरडला, "अहो, पिन माईकच्या भोकात आहे! चिकटपट्टी निघालीय. कोणी हलवली?"

"झाडणारी हलवत असेल," खैरनारसाहेब म्हणाले आणि त्यांनी झाडणाऱ्या शांताबाईंना बोलावून सगळ्यांसमोर फैलावर घेतलं. शांताबाई रडकुंडीला आल्या. "मी त्या टेबलाखाली हात घालत नाही, साहेब. त्या बाईंचं मशीन आहे म्हणून वरूनच झाडते मी."

महालेने पिन बदलली, नवा हेडफोन दिला, आणि पिनेवर चिकटपट्टीऐवजी काहीतरी घट्ट बसवलं. "आता हार्डवेअरचा प्रश्नच मिटला," तो म्हणाला. "आता बिघडलं तर शंभर टक्के सॉफ्टवेअर."

दोन दिवसांनी शंभर टक्के सॉफ्टवेअर बिघडलं. धून स्वच्छ वाजली. आवाज नाही. लॉरेन्सने रजनीताईंकडून पुन्हा सगळं वाचून घेतलं. खुणा जागच्या जागी होत्या, पासवर्ड शाबूत होता. शेवटी कळलं की सॉफ्टवेअरचा स्वतःचा आवाजच शून्यावर नेऊन ठेवला होता. त्याला पासवर्ड लागत नव्हता.

दुपारी खैरनारसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"मॅडम, सोमवारी नाफडे मॅडम येतायत," ते म्हणाले. "त्यांच्यासमोर हे मशीन बंद पडलं तर सगळ्यांचीच अडचण होईल. त्यापेक्षा येवलेबाई आधीसारखं वाचून दाखवतील, तुम्ही फोनवर सांगा. दिसायलाही बरं दिसतं."

"दिसायला?"

"म्हणजे, तुमचं काम चालू आहे असं दिसेल ना."

"साहेब, ते काम माझं नसतं. ते ताईंचं असतं."

"तुम्ही फार बारीक विचार करता," ते म्हणाले. त्यांचा आवाज दुखावलेला होता. इतकं भलं करूनही या बाईचं समाधान होत नाही, असं त्यांना खरोखरच वाटत होतं. त्यांच्याशी भांडावं तरी कसं? भिंतीवर डोकं आपटावं आणि भिंतीनेच विचारावं, लागलं का हो?

त्या संध्याकाळी मी घरून लॉरेन्सला फोन केला. मदतीसाठी नाही, नुसती बडबड करायला. दोन्ही बाजू एकमेकांकडे बोट दाखवतात, साहेब मला गप्प बसवतात, आणि हे मशीन मात्र बरोबर मोक्याला दगा देतं, असं सगळं मी त्याला सांगितलं.

"वैजयंतीबाई, एक सांगू?" तो म्हणाला. "मी इतकी वर्षं हेच करतोय. मशीनचा बिघाड हट्टी असतो. तार खराब असेल तर तारच पुन्हा पुन्हा दगा देते. सॉफ्टवेअरमध्ये चूक असेल तर तीच चूक पुन्हा होते. तुमचा बिघाड तसा नाही. आम्ही हार्डवेअर पक्कं केलं की तो सॉफ्टवेअरमध्ये जातो. सॉफ्टवेअर पक्कं केलं की हार्डवेअरमध्ये येतो."

"म्हणजे?"

"म्हणजे तो तुमचं बोलणं ऐकतो."

मी फोन ठेवला. आई जेवायला हाक मारत होती, पण मी उठले नाही. कोणी काय काय ऐकलं होतं, ते मनात जुळवत बसले. महालेने पिन पक्की केली हे सगळ्या शाखेने ऐकलं. पण पासवर्डचं कोणासमोर सांगितलं? साहेबांसमोर आणि रजनीताईंसमोर. खूण कुठे असते हे कोणी वाचलं होतं? आवाज कुठून कमी होतो, हे सॉफ्टवेअर बसवताना लॉरेन्सला कोणी वाचून दाखवलं होतं? साहेबांना तर स्वतःचा ईमेलही उघडता येत नव्हता.

नको तो विचार येतोय म्हणून मी स्वतःवरच चिडले. पण तो जाईना.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. जेवणाच्या सुट्टीआधी मी रजनीताईंच्या टेबलाशी गेले आणि हळू आवाजात म्हणाले, "ताई, कोणाला सांगू नका. महालेला खरं कारण सापडलंय. माझ्या टेबलाखाली भिंतीत ती जुनी टेलिफोनची वायर आहे ना, तिच्यातून अर्थिंग येतं. ती निघाली की आवाज जातो. आता ती तेवढी नीट राहिली की झालं."

ती वायर कशालाच जोडलेली नव्हती. जुना फोन काढून नेला तेव्हा तिचं एक टोक भिंतीच्या डबीत तसंच राहून गेलं होतं आणि दुसरं जमिनीवर लोळत होतं. माझ्या पायात यायची म्हणून मला माहीत होती.

"बरं झालं बाई, सापडलं एकदाचं," रजनीताई म्हणाल्या.

शनिवारी सकाळी मी लवकर गेले. बटण दाबलं. धून वाजली. मग कॉम्प्युटर बोलू लागला. तारीख, वेळ, माझं नाव, सगळं. माझ्या बोटांखाली प्रत्येक कळ बोलत होती. मला इतकं हलकं वाटलं की मी मोठ्याने "चला" म्हणाले.

मग मी खाली वाकले आणि भिंतीवर हात फिरवला. डबी रिकामी होती. वायर पूर्ण उपटून, गुंडाळी करून, टेबलाच्या पायामागे सरकवलेली होती.

मी तशीच खाली बसून राहिले. कानात तो यांत्रिक आवाज एकसारखा माझं नाव सांगत होता, कारण वर टेबलावर टेकलेला माझा दुसरा हात कुठल्यातरी कळेवर पडला होता.

"काय गं वैजू?" रजनीताईंचा आवाज आला. पर्स टेबलावर ठेवल्याचाही. "बोलतोय का आज?"

"बोलतोय," मी म्हणाले.

मी हातातली वायर वर टेबलावर ठेवली. पंखा फिरत होता. बाहेर शटर अर्धंच उघडलेलं होतं, अजून कोणी आलं नव्हतं.

"ही कशालाच जोडलेली नव्हती, ताई."

मग खुर्ची सरकली आणि त्या माझ्यासमोर येऊन बसल्या.

"माझी बदली धडगावला झालीय," त्या म्हणाल्या. "पार सातपुड्यात. मागच्या वर्षीच ऑर्डर निघाली. तू आंधळी, तुला वाचून दाखवायला कोणीतरी लागतं, म्हणून खैरनारांनी ती थांबवून ठेवली. तुझी वाचक म्हणून मी इथे आहे, वैजू. तुला वाचक लागेनाशी झाली की मी निघाले. ह्यांना कोण भरवणार? पोरगी लग्न होऊन सुरतेला. धडगावला नेऊ का त्यांना त्या खाटेसकट?"

"मला सांगायचं होतंत."

"काय सांगायचं? तुझं मशीन बंद ठेव म्हणून?"

"सोमवारी मला कायम करणार की नाही ते ठरणार होतं, ताई. माझी नोकरी जाईल हे ठाऊक होतं तुम्हाला."

"तुझी नोकरी गेली नसती," त्या एकदम म्हणाल्या. "आंधळ्यांना काढत नाहीत गं. बसवून ठेवतात. पगार मिळालाच असता तुला."

मला हुंदका आला नाही. राग आला, इतका की दात दुखले. "बसूनच तर होते मी," मी म्हणाले. "ते तुम्हाला दिसत होतं. बाकी कोणाला नाही, पण तुम्हाला दिसत होतं."

त्यावर त्या रडायला लागल्या. मला त्यांचं रडणंही नको होतं आणि त्यांचा हातही. त्यांनी माझ्या मनगटाला हात लावला तो मी काढला. मग शांताबाई झाडू घेऊन आत आल्या आणि आम्ही दोघी आपापल्या कामाला लागलो. त्या दिवशी माझा डबा मीच उघडला. झाकण घट्ट होतं. आमटी सांडली.

सोमवारी नाफडे मॅडम आल्या. आवाजावरून चाळिशीच्या, बोलणं तुटक. त्यांनी माझ्या शेजारी खुर्ची ओढली आणि म्हणाल्या, "तुम्ही तुमचं काम करा, मी बसते." मी फोन घेत गेले. एक निवृत्त शिक्षक होते, त्यांचं पेन्शन अडलं होतं. हयातीचा दाखला जमा नव्हता. मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "बाई, मी जिवंत आहे हे तुम्हाला ऐकू येतंय ना?" मी म्हटलं, "मला येतंय सर, कॉम्प्युटरला येत नाही." नाफडे मॅडम हसल्या. खैरनारसाहेब मागे उभे राहून, हे सगळं आपणच घडवलं अशा थाटात, "मॅडमचं फार चांगलं चाललंय" म्हणत होते.

"तुम्हाला वाचक दिलेला आहे," नाफडे मॅडम म्हणाल्या. "रजनी येवले. ती सोय पुढे लागेल का?"

रजनीताई शेजारच्या टेबलावरच होत्या. त्यांच्या बांगड्या थांबल्या.

दोन रात्री मी याच प्रश्नाची वाट पाहत होते. लागेल म्हणाले असते तर ताई वाचल्या असत्या, आणि मी उरलेली नोकरी दुसऱ्याच्या डोळ्यांनी वाचत बसले असते. माझा राग अजून तसाच होता. नुसत्या रागाने उत्तर दिलं असतं तरी कोणी मला दोष दिला नसता.

"नाही लागणार," मी म्हणाले. "पण येवलेताईंचे यजमान अंथरुणाला खिळून आहेत. त्यांना इथे माझ्या नावावर ठेवू नका. त्यांच्या स्वतःच्या कारणासाठी जवळ कुठेतरी ठेवा."

"त्यांचा तसा अर्ज माझ्याकडे नाही."

"अर्ज केला होता, मॅडम," रजनीताई म्हणाल्या. "साहेब म्हणाले, पाठवायची गरज नाही. दुसाने मॅडमचं कारण पुरेसं आहे."

खैरनारसाहेब एकदम चहाची व्यवस्था बघायला गेले.

मी कायम झाले. रजनीताईंची बदली पाचोऱ्याला झाली, रेल्वेने जाऊन-येऊन करण्यासारखी. जाताना त्यांनी सगळ्या शाखेला पेढे दिले. माझ्या टेबलावर पुडी ठेवली, पण थांबल्या नाहीत. बिघाड कशाचा होता, हे मी कोणाला सांगितलं नाही. महाले म्हणायचा सॉफ्टवेअरचा, साहेब म्हणायचे हार्डवेअरचा, आणि दोघं ठामपणे म्हणायचे.

वर्षभराने एका दुपारी फोन आला. मी नेहमीसारखं म्हटलं, "पेन्शन चौकशी, वैजयंती दुसाने."

पलीकडे कुठेतरी नोटा मोजायचं यंत्र फडफडत होतं.

"वैजू, मी रजनीताई."

मी हेडफोन कानावरून काढला.

"आमच्या इथे एक मुलगी आलीय नवीन," त्या घाईघाईने बोलू लागल्या. "वैशंपायन म्हणून. दिसत नाही तिला. इथले साहेब म्हणतात, बसू दे तिला कोपऱ्यात, येवलेबाई वाचून दाखवतील. मी म्हटलं, मी वाचणार नाही. भांडलेच मी. ते सॉफ्टवेअर कुठून मागवायचं, अर्ज कोणाला करायचा, काही सांगशील का? त्या वसईच्या माणसाचा नंबर आहे का तुझ्याकडे?"

तो नंबर मला पाठ होता. मी एका दमात सांगितला. पलीकडे कागद फडफडला, पेन चाललं नाही, दुसरं शोधलं गेलं. मी पुन्हा सांगितला. तरी त्यांचे दोन आकडे चुकले.

"ताई, किती वेळा सांगू?" मी वैतागून म्हणाले.

"थांब गं बाई, हळू सांग," त्या म्हणाल्या. "मला लिहून घ्यावं लागतं."